चाळिशीत शिकायचंय, पैशाचं काय? नाशिकमध्ये नव्याने मदतीला बसणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी दहाला सिडकोतल्या एका समाजमंदिरात आम्ही दोन टेबलं लावून बसतो. येणारी माणसं बहुतेक तिशी ओलांडलेली. अंबडच्या कंपनीत बारा वर्षं हेल्परी करून आता सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) शिकायचंय म्हणणारा एखादा दादा, मुलं दहावीला गेल्यावर स्वतःची अर्धवट राहिलेली शाळा आठवलेली ताई, द्राक्षबागेतल्या मजुरीला कंटाळून वायरमन व्हायला निघालेला दिंडोरीकडचा मुलगा. (तो मुलगा पस्तिशीचा असतो, पण गावात अजून मुलगाच.) सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "मॅडम, फी माफ होईल का?"

मी कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळून निवृत्त झाले. खिडकीच्या आतल्या बाजूने जे वर्षानुवर्षं बघितलं, ते आता बाहेरच्या बाजूने लोकांना सांगते. अलीकडे टेबलामागे बसायला नवी मंडळी येतात. बचत गटाच्या ताया, एक-दोन शिक्षक, नुकतेच पदवीधर झालेले. उत्साह दांडगा असतो, पण पहिल्याच रविवारी लॅपटॉप उघडून थेट फॉर्म भरायला घेतात आणि तिसऱ्या पानावर अडकतात. हे लिखाण त्यांच्यासाठी.

पहिली पायरी: फॉर्म बाजूला, आधी हिशेब

अठरा वर्षांच्या पोराची फी भरली की त्याचं शिक्षण सुरू होतं. घर बाप चालवत असतो. चाळिशीच्या माणसाचं तसं नाही, घर चालवणारा तोच असतो. म्हणून समोरचा बसला की फीबद्दल बोलायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि त्याला विचारा: शिकायला गेलात तर महिन्याचे किती खाडे पडतील?

एक नमुना सांगते. महिना १४,००० रुपये मिळवणारा कंत्राटी कामगार सहा महिन्यांच्या कोर्सला निघाला. फी १८,०००. अर्धा दिवस क्लास म्हणून अर्धी मजुरी गेली, म्हणजे सहा महिन्यांत ४२,०००. बस-रिक्षा महिन्याला १,२००, म्हणजे ७,२००. गणवेश, वह्या, हत्यारं ३,०००, परीक्षेची फी १,०००. बेरीज ७१,२०० झाली. यात फी एक चतुर्थांश. ती शंभर टक्के माफ झाली तरी ५३,२०० रुपयांचं भगदाड तसंच राहतं, आणि माणूस तिसऱ्या महिन्यात क्लास सोडतो तो त्या भगदाडामुळे. लोक म्हणतात चिकाटी नव्हती. चिकाटी असते हो, किराणा संपलेला असतो.

हा कागद तयार झाला की पर्याय आपोआप वेगळे दिसायला लागतात. कंपनीत शिफ्ट बदलून मिळते का? दुसऱ्या शिफ्टला गेला तर सकाळ मोकळी होते. शनिवार-रविवारचा वर्ग आहे का? शिकताना विद्यावेतन देणारी योजना आहे का? त्र्यंबक किंवा सिन्नरहून येणारी बाई असेल तर एसटीत बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा प्रवासाचा आकडा निम्मा धरा. आणि शिष्यवृत्तीचे पैसे प्रवेशानंतर कित्येक महिन्यांनी येतात, तोपर्यंतची सोय कुठून, हेही त्याच कागदावर लिहा. ती जागा कोरी राहिली तर प्रवेशाची घाई करू नका.

दुसरी पायरी: नाव, खातं आणि दाखले

ही पायरी कंटाळवाणी आहे. अर्ज मरतात ते मात्र इथेच.

आधी नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आणखी तिसरंच. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नवऱ्याचं, कुठे 'बाई' लागलेलं, कुठे गळालेलं. महाडीबीटी हे शिष्यवृत्तीच्या अर्जांचं सरकारी पोर्टल आधारवरून नाव उचलतं आणि गुणपत्रिकेशी जुळलं नाही की छाननीत अर्ज परत येतो. समोर ताई बसली असेल तर चारही कागद शेजारी-शेजारी ठेवा: दहावीची गुणपत्रिका किंवा शाळेचा दाखला, आधार, पासबुक, रेशनकार्ड. स्पेलिंगसकट बघा. फरक लग्नामुळे असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून काम भागू शकतं. पुष्कळ जणींचं लग्न झालं पण नोंदणी कधी झालीच नाही, असंही निघतं. मग आधी ती नोंदणी. नावातला फरक लग्नाने समजावता येत नसेल तर राजपत्रात नावबदल. आणि एक सावधगिरी: आधारवर नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून "आज हे करून बघू, नाही जमलं तर परत बदलू" असला प्रकार नको. कुठलं नाव कायमचं ठेवायचं ते घरी बसून ठरवायला सांगा. यावर नवरा-बायकोत वाद होतात, आपण त्यात पडायचं नाही.

मग खातं. सरकारी मदत आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. एका आधारला असं खातं एका वेळी एकच असतं. फॉर्ममध्ये तुम्ही कुठल्याही पासबुकाचा नंबर लिहा, पैसे जायचे ते त्या जोडलेल्या खात्यातच जातात. लाडक्या बहिणीच्या हप्त्याच्या वेळी बायकांनी धावपळ करून कुठल्या तरी बँकेत खातं जोडून घेतलं, आणि आता त्यांना ती बँक कुठली तेच आठवत नाही. आधारच्या 'माय आधार' संकेतस्थळावर जाऊन बँक सीडिंगची (आधार कुठल्या खात्याला जोडलंय त्याची) स्थिती बघा, बँकेचं नाव तिथे दिसतं. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय झालेलं असतं, म्हणून शाखेत जाऊन केवायसी करून शंभर रुपये भरून-काढून ते जागं करायला सांगा. मोबाईल नंबर आधारला जोडलेला आहे ना, हेही त्याच दिवशी बघा. तो नसेल तर ओटीपी येणार नाही आणि पुढची प्रत्येक गोष्ट तिथेच थांबेल.

आता दाखले. उत्पन्नाचा दाखला जवळपास प्रत्येक योजनेला लागतो. तो तहसीलदारांकडून मिळतो, अर्ज 'आपले सरकार'वर किंवा सेतू केंद्रातून करायचा. त्यावर मुदत छापलेली असते आणि ती बहुधा ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणणारे पुष्कळ भेटतात. जूनमध्ये दहावी-बारावीची पोरं रांगेत उभी असतात, म्हणून आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांना एप्रिलमध्येच पाठवा. लग्न झालेल्या बाईला बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला मागतात. नवऱ्याने सोडलेली असेल, विधवा असेल, तर तसा कागद लागतो. आणि हे सगळं चारचौघांत, रांगेसमोर मोठ्याने विचारू नका.

याशिवाय अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर. शाळा सोडून मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. आमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही 'गॅप' कधी पंधरा वर्षांची, कधी बावीस. लोक ओशाळतात. त्यात लिहायचं ते साधं: अमुक साली शिक्षण थांबलं, या काळात मजुरी केली, दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता.

सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आसपास टायपिंगवाले आणि एजंट बसलेले असतात. त्यातले काही "पाचशेचा स्टॅम्प लागेल" म्हणून सांगतात. दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांसाठीचं पाचशे रुपयांचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने मार्च २०२५मध्ये माफ केलं आहे. साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने चालतं. विद्यार्थ्याला हे आधीच सांगून पाठवा, नाहीतर दिवसाची मजुरी तिथेच जाते.

तिसरी पायरी: वय विचारा, मगच योजना सांगा

नवे सहकारी इथे हमखास चुकतात. मोबाईलवर आलेली जाहिरात वाचून "तुम्हाला दहा हजार मिळतील" सांगून मोकळे होतात आणि माणूस चाळिशीचा निघतो.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी आहे. त्यात बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. इतर मागासवर्ग महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनेला वय १७ ते ३० लागतं. ग्रामीण भागातल्या गरीब तरुणांसाठीची दीनदयाळ उपाध्याय कौशल्य योजना पस्तिशीला थांबते, बायकांना मात्र पंचेचाळीसपर्यंत सवलत आहे. म्हणजे ज्याला खरी नड आहे त्या वयालाच बरीच दारं बंद. मला हे पटत नाही, पण टेबलावर बसून नियम बदलत नाही.

उघडी दारंही आहेत. आयटीआयला प्रवेशासाठी वय किमान १४ लागतं, वरची मर्यादा नाही. सातपूरला त्र्यंबक रोडवर शासकीय आयटीआय आहे, फी नाममात्र. चाळिशीतल्या माणसाला सोळा वर्षांच्या पोरांबरोबर वर्कशॉपमध्ये उभं राहायची लाज वाटते, ती पहिल्या पंधरा दिवसांत जाते. पोरं मग त्यालाच 'काका' म्हणून जॉब (वर्कशॉपमध्ये घडवलेला नग) दाखवायला नेतात. खरी अडचण वेळेची, कारण ते दिवसभराचं काम आहे. म्हणून पहिल्या पायरीवरचा तो कागद.

चौथी पायरी: माणूस कोण आहे, त्यावरून दार

योजनांची यादी पाठ करू नका, दरवर्षी बदलते. माणसाबद्दल पाच प्रश्न विचारा, दार आपोआप सापडतं.

हाताने काम करतो का? सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, गवंडी, चांभार, सोनार, हार गुंफणारे असा आधीपासूनच धंदा असेल तर पीएम विश्वकर्मा. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली आणि तीत १८ व्यवसाय आहेत. पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, हवं तर पुढे पंधरा दिवसांचं. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज. बुडालेल्या मजुरीचा विचार करणारी ही एक योजना, म्हणून मला ती आवडते. अटी नीट सांगा: वय १८ पूर्ण, एका कुटुंबातून एकच जण, घरात सरकारी नोकरदार नको. नोंदणी सीएससी (सरकारी ऑनलाईन सेवांच्या) केंद्रात होते आणि गावात ग्रामपंचायत, शहरात महापालिका पडताळणी करते. शिलाई मशीन मिळतं ऐकून कधी सुई न धरलेल्या बायकाही 'शिंपी' म्हणून अर्ज करायला येतात. त्यांना तिथेच थांबवा. पडताळणीत अर्ज जातो आणि खोटं लिहून दिल्याचा डाग राहतो. पंचवटीत देवळाबाहेर हार करणाऱ्या आजींना मात्र हे आपल्यासाठी आहे असं वाटतही नाही, त्यांना शोधून सांगा.

नवरा बांधकामावर आहे का? सेंट्रिंग, प्लास्टर, फरशी, काहीही. वर्षात ९० दिवसांहून जास्त काम केलेला कामगार बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करू शकतो, वय १८ ते ६०. नोंदणी असली की मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते, हे सगळ्यांना माहीत असतं. पदवीच्या शिक्षणासाठी वर्षाला २०,००० रुपयांची जी मदत आहे ती नोंदीत कामगाराच्या पत्नीलाही मिळू शकते, हे जवळपास कुणालाच माहीत नसतं. नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आधी बघा, बहुतेकांचं लोंबकळत असतं.

कंपनीत पगारपत्रक मिळतं का? जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची छोटीशी कपात होते. होत असेल तर तो आणि त्याचं कुटुंब महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या योजनांना पात्र. शिष्यवृत्ती आहे, एमएस-सीआयटीच्या फीला मदत आहे, केंद्रांमध्ये स्वस्तात शिवणवर्ग आहेत. सातपूर-अंबडमधले हजारो लोक ही कपात वर्षानुवर्षं भरतात आणि केंद्राची पायरी चढत नाहीत.

गावात राहतो का? ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था प्रत्येक जिल्ह्यात एक असते, नाशिकची महाराष्ट्र बँकेमार्फत चालते. प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवणही फुकट. कोर्स थोड्या दिवसांचे, त्यामुळे मजुरी कमी बुडते. वयाची वरची मर्यादा पंचेचाळिशीच्या आसपास, तेव्हा काठावरच्या माणसाला फोन करून खात्री करायला सांगा.

जातीचा प्रश्न शेवटी, आणि हलक्या आवाजात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं काम नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात, शिवाय महात्मा फुले महामंडळाच्या प्रशिक्षण योजना बघा. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातल्या आदिवासी विद्यार्थ्यासाठी नाशिक म्हणजे राज्याचीच राजधानी: आदिवासी विकास आयुक्तालय गडकरी चौकात, शबरी महामंडळाचं मुख्यालयही याच शहरात. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. मराठा-कुणबी समाजासाठी सारथी या सरकारी संस्थेचं नाशिकला विभागीय कार्यालय आहे, संगणक आणि कौशल्याचे मोफत कोर्स तिथे विचारा. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी तशीच महाज्योती संस्था. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा आठ लाख. आणि २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) व ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला की माफी गेली.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाबद्दल खूप विचारणा होते, कारण ते आपल्याच गावात, गोवर्धनला आहे. १९८९पासून नोकरी करणाऱ्यांना शिकवण्यासाठीच ते उभं आहे आणि नोकरी न सोडता शिकायचं तर त्याइतकी सोयीची जागा नाही. फक्त तिथल्या कोणत्या शिक्षणक्रमाला कोणती शिष्यवृत्ती लागू होते, हे अभ्यासकेंद्रात प्रवेशाआधी विचारून कागदावर घ्यायला सांगा.

पाचवी पायरी: क्लास खरा आहे का

कॉलेज रोडवर दर चार दुकानांमागे एक 'अकॅडमी' आहे. शंभर टक्के प्लेसमेंट, सरकारमान्य, आयएसओ. आयएसओ म्हणजे शिक्षणाची मान्यता नव्हे, हे प्रत्येकाला सांगावं लागतं. विचारायचं ते एवढंच: प्रमाणपत्र कोण देणार? आयटीआयचा व्यवसाय असेल तर राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण परिषदेचं, अल्प मुदतीचा असेल तर राज्याच्या कौशल्य मंडळाचं किंवा राष्ट्रीय कौशल्य चौकटीतलं, नर्सिंग असेल तर नर्सिंग परिषदेची मान्यता. 'नर्सिंग असिस्टंट'च्या नावाखाली चालणाऱ्या सहा महिन्यांच्या कोर्सला परिषदेची नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय सिस्टर म्हणून नोकरी नाही. मान्यता नसेल तर शिष्यवृत्ती नाही, कौशल्य कर्जही नाही. मदत मागण्याआधी हे कळलं तर बरं.

आता एक प्रसंग. आमच्याकडे येणाऱ्या एका ताईने एका खासगी क्लासमध्ये चौकशी केली. "आत्ता काहीच भरू नका, महिन्याला फक्त दोन हजार," असं म्हणून तिच्यापुढे टॅब धरला, आधार आणि ओटीपी घेतला, बोटाने सही करून घेतली. तिला वाटलं फीचे हप्ते ठरले. झालं होतं असं की एका वित्त कंपनीने तिच्या नावावर कर्ज काढून क्लासला सगळी फी एकरकमी देऊन टाकली होती. दोन महिन्यांत शिकवणारे बदलले, मग वर्गच बंद पडला. हप्ते चालूच. ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या नावावर थकबाकी लागली होती आणि त्यामुळे बँकेने पुढचं कर्ज नाकारलं. क्लासचा हप्ता आणि कर्जाचा हप्ता यातला फरक मी तिला पहिल्या रविवारीच सांगायला हवा होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: टॅबवर सही मागितली की "घरी विचारून येते" म्हणा आणि जिना उतरा.

सहावी पायरी: अर्ज

महाडीबीटीवरचा अर्ज भरायला हुशारी लागत नाही, धीर लागतो. सर्व्हर दुपारी रडतो, सकाळी लवकर चालतो. कागद स्कॅन करताना कडा कापल्या जाऊ नयेत, शिक्का दिसावा. झेरॉक्सचा मोबाईलने काढलेला फोटो चालवून घेऊ नका. अर्ज पाठवला की प्रिंट काढून कॉलेजच्या किंवा आयटीआयच्या ऑफिसात द्यायची. इथे माझं जुनं टेबल येतं. संस्थेच्या लॉगिनमधून कारकुनाने अर्ज पुढे ढकलला नाही तर तो महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतो, आणि विद्यार्थ्याला वाटतं सरकारनेच अडवलंय. कारकून वाईट नसतो, त्याच्याकडे शेकडो अर्ज असतात आणि मोठा विद्यार्थी संकोचाने खिडकीशी जातच नाही. त्याला जायला लावा. अर्ज 'परत पाठवला' असं दिसलं तर कारण वाचा. एखाद्या दाखल्याची मुदत, एखादं अक्षर, एवढंच असतं. दुरुस्तीची तारीख मात्र निघून जाते.

दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आपोआप होत नाही. आणि हजेरी: ती भरली नाही तर शिष्यवृत्ती अडकते. शिफ्टवाल्या विद्यार्थ्याला हे प्रवेशाच्या दिवशीच सांगा.

मदत करणाऱ्यांसाठी दोन कडक नियम. स्वतःचा मोबाईल नंबर किंवा ईमेल कुणाच्याही अर्जात टाकायचा नाही. मी सुरुवातीला टाकला होता, त्या बाईकडे साधा फोन होता म्हणून. पुढे माझं सिम बदललं आणि तिला लॉगिन करायचं म्हटलं की ओटीपी माझ्या बंद नंबरवर जायचा. ते सोडवायला दोन महिने गेले. दुसरा, मूळ कागद आपल्याकडे ठेवायचे नाहीत, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. पासवर्ड ज्याचा त्याच्या वहीत, त्याच्याच अक्षरात.

आणि "मिळेल" हा शब्द वापरू नका. "अर्ज करू" म्हणा.

सातवी पायरी: कर्ज, सगळं करून झाल्यावर

मदत पुरली नाही तर कर्ज. आधी कौशल्य कर्ज: मान्यताप्राप्त कौशल्य कोर्ससाठी, विनातारण. पूर्वी दीड लाखापर्यंतच मिळायचं, जुलै २०२४मध्ये मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढवली. पदविका-पदवीसाठी नेहमीचं शैक्षणिक कर्ज, चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते कोर्स संपल्यावर सुरू होतात. शाखेत "अशी योजना आमच्याकडे नाही" असं ऐकायला मिळेल. भांडू नका. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा किंवा शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. नकार आला तर तो लेखी मागा. तक्रार केल्यावर बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, आणि ती फुकट आहे. हे वाक्य शाखेत नम्रपणे उच्चारलं तरी पुष्कळदा फाईल हलते.

कर्जाआधी सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, बघायला सांगा. पाच वर्षांपूर्वी मोबाईलचे तीन हप्ते थकवलेले असतात आणि माणूस ते विसरलेला असतो. बचत गटाचं अंतर्गत कर्ज छोट्या रकमेसाठी, म्हणजे शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या चार महिन्यांसाठी उत्तम. सोनं गहाण ठेवणं त्यानंतर. सावकार आणि मोबाईलवरची झटपट कर्जाची ॲपं यादीतच नाहीत.

ज्याला वीस वर्षं काम येतं पण कागद नाही, त्याला कर्जही नको आणि कोर्सही नको असं कधीकधी निघतं. आधीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देणारी सोय कौशल्य योजनेत आहे, थोडी ओळख करून देऊन परीक्षा घेतात. एका वेल्डरला आम्ही कोर्सला पाठवणार होतो, त्याने ती परीक्षा दिली आणि कंपनीत त्याचा दर्जा हेल्परवरून वेल्डर झाला. फी नाही, खाडा नाही.

वही

शेवटी आमची वही. दोनशे पानी, लाल कापडी पुठ्ठ्याची, शालिमारला मिळते तशी. रकाने असे: नाव, वय, काम आणि शिफ्ट, कोर्स, कोणते कागद कमी, अर्ज कधी, छाननी कुठे अडली, पैसे खात्यात कधी. एक्सेलमध्येही ठेवता येईल, आमच्यातली तरुण मुलं ठेवतात. पण लोकांना वहीत आपलं नाव लिहिलेलं दिसलं की ती पुढच्या रविवारी परत येतात.

शेवटचा रकाना बहुतेक ओळींत कोरा असतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी नवे लोक घ्यायच्या आधी त्या कोऱ्या ओळींना फोन लावायचे. संध्याकाळी सहानंतर लावा, पहिली शिफ्ट तेव्हा घरी आलेली असते.